स्मशानातला आंबा

चाळीसगावहून वाघळद्याकडे येणारी एस.टी. गिरणेच्या पुलावर चढली की डाव्या हाताला नदीच्या काठावर गर्द हिरवा तुकडा दिसतो. आजूबाजूला सगळा उघडाबोडका मुरूम, आणि मध्येच ही झाडी. नवखा प्रवासी हमखास विचारतो, हा कोणाचा मळा? कंडक्टर या बाजूचा असला तर हसून सांगतो की मळा नाही, स्मशान आहे. मग विचारणारा खिडकीतून मान आत घेतो.

ती झाडी धनसिंग पाटलाची. कागदोपत्री जागा ग्रामपंचायतीची, पण गावाला कागद कशाला लागतो? धनसिंगनाना आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत, उंच, किडकिडीत, पायात टायरच्या चपला. शेती सात एकर, त्यात कपाशी, मका आणि खायपुरती बाजरी. त्यांना कोणी माळी म्हटलेलं आवडत नाही. मी शेतकरी आहे आणि रिकामा वेळ सापडला तर नदीवर जातो, एवढंच ते सांगतात. हा रिकामा वेळ गेली वीस वर्षं रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास नेमाने सापडतो आहे.

वीस वर्षांपूर्वी तिथे एक दगडी ओटा होता आणि दोन वाळक्या बाभळी. धनसिंगचे वडील वैशाखात गेले. अडीचशे माणूस मागे चालत नदीवर आलं. अग्नी दिला तेव्हा साडेबारा वाजले होते. कवटी फुटेपर्यंत थांबायचं, हा रिवाज. पण खालून मुरूम भाजत होता आणि वर डोक्याला आधार नव्हता. माणसं एकेक करून पाय काढू लागली. कोणाची म्हैस तहानलेली होती, कोणाला तालुक्याला काम निघालं. धनसिंगने मागे वळून पाहिलं तर सहा जण उरले होते, त्यातला एक चिंधा, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, उपरणं डोक्यावर घेऊन उकिडवा बसलेला. धनसिंगला गेलेल्यांचा राग आला नाही, लाज मात्र फार वाटली. बापाने जन्मभर गावातल्या प्रत्येक मयताला शेवटपर्यंत थांबून दाखवलं होतं, आणि त्याच्या वेळेला केवळ सावली नाही म्हणून माणूस थांबू शकलं नाही. तेराव्याचं जेवण आटोपलं आणि चौदाव्या दिवशी तो पहार घेऊन नदीवर गेला.

गावाने त्याला वेड्यात काढलं यात गावाची काही चूक नाही. स्मशानात बाग लावणारा माणूस याआधी कोणी बघितलेला नव्हता. मुरूम इतका कडक की पहारीची ठिणगी उडायची. दिवसाला एक खड्डा, तोही गुडघ्याएवढा. त्यात बंधाऱ्यातला गाळ बैलगाडीने आणून भरला आणि पहिल्या पावसाळ्यात अकरा कडुलिंब लावले. ओट्याच्या पूर्वेला सहा, पश्चिमेला पाच, कपाशीच्या ओळींसारखे सरळ. शेतकऱ्याचा हात, तो ओळ सोडत नाही.

पूर्वेचे सहा उन्हाळ्यात मेले. धनसिंगने वाळवी शोधली, मुळं उकरली, काही सापडेना. शेवटी वैशाखातल्याच एका मयताला तो नीट उभा राहून बघत राहिला तेव्हा उलगडा झाला. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा. चितेचा जाळ सगळा पूर्वेला झुकतो आणि तिकडची पानं करपवतो. पंचवीस वर्षं मयताला जाणाऱ्या माणसाला जाळ कुठे झुकतो हे ठाऊक नव्हतं, कारण आपण तिथे कोणीच जाळाकडे बघायला जात नाही. त्याने पूर्वेची बाजू मोकळी सोडली आणि सगळी लागवड पश्चिम-दक्षिणेला घेतली. सावलीही दुपारनंतर त्याच बाजूची कामाची असते, हे त्याच्या ध्यानात मागाहून आलं.

पाण्याची गोष्ट त्याहून अवघड. धनसिंगची विहीर बांधापलीकडेच होती, पण उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा. पंधरा लिटरचे डबे सायकलला लावून आणलेलं पाणी मुरुमावर ओतलं की डोळ्यांदेखत नाहीसं व्हायचं. यावर त्याने जी युक्ती काढली ती फक्त स्मशानातच सुचावी अशी होती. प्रेतापुढे विस्तव घेऊन चालतात ते मातीचं मडकं लोक तिथेच टाकून जातात. धनसिंगने ती मडकी गोळा केली, नदीच्या वाळूने घासली आणि प्रत्येक रोपाच्या बाजूला गळ्यापर्यंत पुरली. मडकं भरून वर कवेलूचा, म्हणजे छपराच्या कौलाचा, तुकडा झाकायचा. पाणी झिरपत झिरपत चार दिवस पुरायचं आणि नेमकं मुळाशी जायचं. गावात जितकी माणसं जात, तितकी झाडं वाढत. चिंधाने हे त्याला एकदा बोलून दाखवलं, तेव्हा धनसिंग म्हणाला की मग घाई कशाला, मडकी येतच राहतील.

आता त्याच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिच्यापाशी अडते.

कोकिळाबाई पिंपळनेरकडच्या. कष्टाळू, हाताला चव असलेली, आणि रिवाजाला इतकी पक्की की चतुर्थीचा चंद्र ढगात गेला तर उपाशी झोपणारी. नवऱ्याच्या बागेला तिने कधी विरोध केला नाही. तिने फक्त दोन नियम घातले. नदीवरून आल्यावर घराच्या मागच्या फरशीवर अंगावर बादली ओतून घेतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाय नाही, आणि तिथलं काहीही घरात यायचं नाही. फूल नाही, पान नाही, कढीपत्त्याची काडी नाही. वीस वर्षं धनसिंग दिवसातून दोनदा आंघोळ करतो आहे. थंडीतसुद्धा. गावात एवढा स्वच्छ माणूस दुसरा नाही, असं चिंधा म्हणतो.

तिसऱ्या वर्षी धनसिंगने तिथे एक आंब्याची कोय लावली. सावलीसाठी लिंब होतेच, पण आंब्यावाचून मळा कसला, असं त्याच्यातल्या शेतकऱ्याला वाटलं. कोयीचं झाड म्हणजे वाट बघणं आलं. दोनदा बकऱ्यांनी शेंडा खाल्ला. एकदा वाळवी लागली, तेव्हा त्याने बुंध्याला गेरू आणि चुना फासला. एका वर्षी नदी ओट्यापर्यंत आली आणि मोगऱ्याची सगळी रांग घेऊन गेली, आंबा मात्र वाकला आणि पुन्हा उभा राहिला. नवव्या वर्षी त्याला मोहोर आला. अकरा आंबे धरले.

धनसिंगने ते अकरा आंबे स्वतःच्या हाताने उतरवले, शेतातल्या खोपीत गवताच्या आढीत पिकवले आणि पिवळे झाले तसे उपरण्यात बांधून घरी निघाला. असा आनंद त्याला मुलगा दीपक झाला तेव्हा झाला होता, त्यानंतर थेट त्या दिवशी. कोकिळाबाई मागच्या दारात उभी होती. तिने गाठोडं पाहिलं, वास घेतला आणि दार अडवलं. आंबे परत न्यायला सांगितले. धनसिंग म्हणाला, निदान म्हशीपुढे टाक. ती म्हणाली, म्हशीचं दूध आपणच पितो.

तो परत गेला. खोपीत बसून त्याने एकट्याने दोन आंबे खाल्ले. गोड होते, पण तिसऱ्याला हात लावावासा वाटला नाही. लावलेल्या झाडाचं पहिलं फळ घरच्या बाईच्या हातात पडू नये, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं, आणि ते त्याने लपवलंही नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच पाणी घालायला गेला.

त्याचा स्वभाव हट्टाचा नाही, थांबण्याचा आहे. या दोन गोष्टींतला फरक ज्याने कोयीचं झाड वाढवलं आहे त्याला सांगावा लागत नाही. कोकिळाने आपल्या हाताने एकदा तो आंबा खावा एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती तिला ठाऊक होती. दर उन्हाळ्यात एकदा, जेवताना, तो सांगायचा की यंदा आंबा चांगला धरला आहे. ती त्याच्या ताटात कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी वाढायची आणि दीपकचा फोन आला होता असं सांगायची. विषय तिथे संपायचा. आंबे पोपट खायचे, धनसिंग खायचा आणि चिंधा खायचा. चिंधाला कोणी हटकलं तर त्याचं उत्तर तयार असे: "माले तर तठेच जानं शे. मंग आंबाले कसानी लाज?"

दरम्यान झाडं आपलं काम करत होती. लिंब वाढून एकमेकांना लागले. पंचायतीने पत्र्याची शेड आणि लोखंडी शेगडी बसवली, तिच्या अलीकडे धनसिंगने तगर आणि कण्हेर लावली. आणि हळूहळू, कोणी ठरवल्याशिवाय, मयताला आलेली माणसं थांबायला लागली. आधी म्हातारे थांबले, कारण त्यांना बसायला जागा झाली. मग त्यांच्याबरोबर तरुण. लिंबाखाली बसून लोक गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगू लागले. हे आधी नव्हतं. आधी ऊन होतं आणि प्रत्येकाला घर दिसत होतं. कवटी फुटल्याचा आवाज ऐकून, पाणी घालून, सगळे बरोबर उठू लागले. धनसिंग अशा वेळी एका बाजूला उभा राहून माणसं मोजायचा. ही त्याची खोड होती, आणि आकडा तो कोणाला सांगत नसे.

पाच वर्षांपूर्वी ज्ञानेश्वर मास्तर गेले. त्यांना मुलगा नव्हता. मुलगी रूपाली नाशिकला नर्स, ती म्हणाली की अग्नी मीच देणार. गावात थोडी कुजबुज झाली, पण मास्तरांनी अर्ध्या गावाला शिकवलेलं, त्यामुळे तोंडावर कोणी बोललं नाही. रूपालीला एकटी कशी पाठवायची म्हणून आठ-दहा बायका तिच्याबरोबर गेल्या. वाघळद्याच्या बायका नदीवर गेल्या त्या पहिल्यांदा. परत आल्यावर त्यांनी काय सांगितलं? तर तिथे गारवा आहे. शेजारच्या सुनंदाबाईने कोकिळाबाईला मुद्दाम ओट्यावर बोलावून सांगितलं की तुझ्या नवऱ्याने काय करून ठेवलंय ते एकदा बघून ये. कोकिळाबाईने तांदूळ निवडायचे आहेत असं सांगितलं. ती गेली नाही.

गेल्या पौषात धनसिंगची आई, यशोदाबाई, गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. शेवटची चार वर्षं अंथरुणावर. तिचं सगळं कोकिळाबाईने केलं. न्हाऊ घालणं, कुशी बदलणं, उन्हाळ्यात आंब्याचा रस करून चमच्याने भरवणं, कारण दात कधीच गेले होते आणि रसाची हौस काही गेली नव्हती. सासू-सुनेचं जन्मभर भांडण झालं आणि जन्मभर एका ताटात जेवल्या. म्हातारीला उचललं तेव्हा कोकिळाबाईने पदर खोचला आणि मागोमाग चालू लागली. कोणी अडवलं नाही.

धनसिंग मडकं घेऊन पुढे होता, त्यामुळे त्याला ती नदीवर पोचल्यावरच दिसली. ती लिंबांच्या रांगेपाशी थांबली होती. पौषातलं ऊन पानांतून खाली पडत होतं, पुन्हा लावलेल्या मोगऱ्याच्या आळ्यात तण नव्हतं, प्रत्येक बुंध्याशी मडक्याचा गळा आणि वर कवेलू. वीस वर्षं ज्या माणसाला ती बादलीभर पाण्याने धुवून घरात घेत होती, तो इतकी वर्षं कुठे जात होता ते ती आत्ता बघत होती. अग्नी दिला. तास गेला, दुसरा गेला. ती आंब्याच्या बुंध्याला टेकून बसली. धनसिंगने सवयीने माणसं मोजली. दोनशे चाळीसच्या वर होती आणि एकही उठलं नाही. कवटी फुटली तेव्हा सगळे होते. त्याला बाप आठवला आणि तो सगळ्यांदेखत रडला.

त्या रात्री घरात सुतकाची शांतता होती. कोकिळाबाईने एवढंच म्हटलं, "मायपाशी बठ्ठा लोके थांबनात." तो म्हणाला, हो, सगळे थांबले.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गेल्या वर्षीच्या अधिक महिन्यामुळे यंदा ती पुढे सरकली होती, मे उजाडून नऊ-दहा दिवस झाले होते. खानदेशात आखाजी म्हणजे जितकी लेकीबाळींच्या झोक्याची तितकीच पितरांची. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवायचे, चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून त्यांना जेवू घालायचं, आणि मगच घरच्यांनी वर्षाचा पहिला आंबा तोंडाला लावायचा. यशोदाबाईच्या नावाची ही पहिली घागर होती. दीपक आणि सून नाशिकहून आले, लेक दीपमाला जामनेरहून आली. सगळं सामान आलं. फक्त आंबे राहिले होते, ते धनसिंग आदल्या दिवशी चाळीसगावच्या बाजारातून आणणार होता.

तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा कोकिळाबाई चुलीपाशी सांजोऱ्या लाटत होती. तिने वर न बघता विचारलं की खोपीतल्या आढीत आंबे पिकलेत का. धनसिंगला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, पहिला पाड लागलाय, वीस-पंचवीस निघतील. मग ते घेऊन या, ती म्हणाली. धनसिंग पिशवी धरून तसाच उभा राहिला. तेव्हा तिने लाटणं खाली ठेवलं.

"ज्यासले देनं शे, त्यासनाच आंगनमाना आंबा शे तो. त्यासनं त्यासले देवाले आपन कोन नही म्हननारं?"

वीस वर्षं धनसिंगने या बाईशी वाद घातला नव्हता, आणि घातला असता तरी हा मुद्दा त्याला सुचला नसता. तिचा रिवाज जिथे आंब्याला अडवत होता, तिथूनच तिने त्याला वाट काढून दिली होती. आंबा पितरांच्याच अंगणातला, आणि पितरांना दिलेला आंबा म्हणजे प्रसाद. प्रसाद नाकारायचा नसतो.

तो खोपीवर गेला, एकेक आंबा हुंगून टोपलीत भरला आणि मागच्या दाराने आला. अंगणात दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. "पयले तुम्ही आंघोय करा," कोकिळाबाईने बजावलं, "मंग आंबासले घाला." तो फरशीवर बसला, अंगावर पाणी घेतलं, आणि मग दुसऱ्या बादलीने पंचवीस आंब्यांना एकेक करून आंघोळ घातली. दीपमाला दारातून बघत होती, तिला हसू आवरेना. कोकिळाबाई हसली नाही. तिने धुतलेले आंबे पदराने पुसले आणि स्वतः आत नेले.

दुसऱ्या दिवशी घागर भरली. वर खरबूज, दोन आंबे आणि सांजोरी. निखाऱ्यावर तूप पडलं, धूर छताला लागला, धनसिंगने आधी बापाचं आणि मग आईचं नाव घेतलं. मग खापरावरचे मांडे, कुरडई आणि मोठ्या पातेल्यात रस. ताटं वाढली. कोकिळाबाई सगळ्यांचं होईस्तोवर बसत नाही, पण आज धनसिंग हात न लावता थांबला, तेव्हा ती खाली बसली आणि वाटी उचलून एक घोट घेतला. थोडा वेळ तोंडात धरला. आंबा दोऱ्याचा आहे, रेषा लागतात, असं म्हणाली. आणि दुसरा घोट घेतला.

तेवढ्यात सुनंदाबाई सांजोऱ्यांचं ताट घेऊन दारात आली. रसाची वाटी तिच्याही हातात गेली. तिने चाखून पाहिली आणि विचारलं की एवढा गोड आंबा कोणत्या बाजारातून आणला, चाळीसगावला तर सगळा औषधाने पिकवलेला मिळतोय. सगळ्यांनी कोकिळाबाईकडे पाहिलं. वाघळद्यात धनसिंगचं आंब्याचं झाड एकच आहे आणि ते कुठे आहे हे पोराटोरांना माहीत आहे. कोकिळाबाई उठून दारापर्यंत गेली. गल्लीत ओट्याओट्यावर बायका होत्या, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"इकत नही आना. आमना झाडना शे."

सुनंदाबाईचा हात वाटीवर थांबला. ती कोकिळाबाईकडे बघत राहिली, मग आतल्या घागरीकडे, आणि उरलेला रस तिने उभ्याउभ्याच पिऊन टाकला. तिचा नवराही सहा वर्षांपूर्वी त्याच नदीवर गेला होता. आणखी दोन आंबे असतील तर तिच्याही घागरीवर ठेवायला दे, असं ती हलक्या आवाजात म्हणाली. कोकिळाबाईने तिला चार दिले.

आत धनसिंग मान खाली घालून जेवत होता. त्याला कोणाकडे बघवत नव्हतं. रस संपला तशी त्याने वाटी पुढे केली आणि बायकोकडे अजून मागितला.